चाळीस अक्षरांतले दुकान

आमच्या अब्बांचे बांगड्यांचे दुकान होते. आम्ही मणेर, त्यामुळे चुलते, मामे सगळे याच धंद्यातले. दुकान म्हणजे पुढे फळी, मागे काचेचे कपाट आणि गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची लांबट वही. त्या वहीत नावे क्वचितच असत. 'तांबड्या वाड्यातली धाकटी सून, दोन डझन हिरवा चुडा.' 'चष्मेवाल्या मास्तरांची मुलगी.' 'गिरणीमागची मावशी, बाकी आठ आणे.' मी शाळेत होतो तेव्हा एकदा विचारले, "अब्बा, नाव का लिहीत नाही?" ते म्हणाले, "बेटा, नाव माणूस विसरतो. वाडा विसरत नाही."

ही वही मला पुन्हा आठवली ती २००९ सालच्या पावसाळ्यात. क्रेडिट कार्डाचे बिल आले होते. त्यात एका ओळीत लिहिले होते: अमुक ट्रेडिंग कंपनी, मुंबई, रुपये १,८४०. त्या महिन्यात मी मुंबईला गेलोच नव्हतो. ट्रेडिंग कंपनी म्हणजे काय विकणारी कंपनी, हेही मला ठाऊक नव्हते. घरात विचारपूस झाली, थोडी वादावादीही झाली. शेवटी बँकेला फोन केला, अर्ज भरून सही करून पाठवला: हा व्यवहार माझा नाही. दीड-दोन महिन्यांत पैसे खात्यावर परत आले. एका कारकुनाने बँकेला नमवले म्हणून मी ऑफिसात चहा पाजला.

दिवाळीच्या आधी नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. दिवाळी अंकांचा गठ्ठा बाजूला काढला आणि कार्ड पुढे केले. मालक म्हणाले, "कार्ड नाही चालत आता, साहेब. मशीनच नेलं बँकेनं."

"का हो?"

"कुणीतरी पुस्तकं नेली आणि बँकेला कळवलं, हे मी घेतलंच नाही. पुस्तकं गेली, पैसे गेले, वर दंडही कापला."

"किती रुपयांची होती?"

"अठराशे चाळीस."

मी गठ्ठा हातात धरून तसाच उभा राहिलो. ती ट्रेडिंग कंपनी म्हणजे त्यांच्या वडिलांची जुनी पेढी होती. वडील खिळे, कब्जे, कड्याकोयंडे विकत. मुलाने त्याच जागेत पुस्तके मांडली, पण बँकेतले खाते जुन्याच नावाने राहिले. यंत्र घेताना अर्ज भरून देणाऱ्या माणसाने त्या खात्याचेच नाव टाकले आणि गावाच्या चौकटीत मुंबई लिहिले. का लिहिले, ते त्यालाच ठाऊक.

त्या दिवसापासून बिलावरची ती एक ओळ माझ्या डोक्यात बसली. ती कोण लिहिते, कधीपासून लिहिते आणि दुकानाचे खरे नाव तिथपर्यंत का पोचत नाही? मी बी.ए. मराठीचा माणूस, गणितात काठावर पास होत आलेला. पण या ओळीचा इतिहास मला गणिताचा कमी आणि लेखनाचा जास्त वाटला.

सुरुवातीला अशी ओळ नव्हतीच. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, ते पुठ्ठ्याचे होते. १९५८च्या सप्टेंबरमध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात कुणी न मागता साठ हजार कार्डे टपालाने घरोघर पाठवली. चार टक्के लोकांची थकबाकी राहील असा अंदाज होता, ती बावीस टक्क्यांवर गेली. तरी कार्ड टिकले. त्या काळी दुकानात विजेचे यंत्र नव्हते. एक लोखंडी सांगाडा असे. त्यात एका बाजूला दुकानाची धातूची पट्टी कायमची बसवलेली आणि दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाचे उठावाच्या अक्षरांचे कार्ड ठेवायचे. वर कार्बन घातलेली पावती ठेवायची आणि हातानेच मूठ खर्रकन सरकवायची. दुकान आणि गिऱ्हाईक या दोघांची नावे एकाच कागदावर, एकाच झटक्यात उमटत. खाली गिऱ्हाइकाची सही. रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर असली तर दुकानदार बँकेला फोन करून विचारी. चोरीच्या कार्डांच्या छापील याद्या गल्ल्यापाशी असत. त्या चाळायच्या आणि मग माल द्यायचा.

या पद्धतीतली मला आवडलेली गोष्ट पुढेच आहे. महिनाअखेरीला बिलाबरोबर या पावत्याच गिऱ्हाइकाला पाठवल्या जात. अमेरिकेत याला 'कंट्री क्लब बिलिंग' म्हणत, कारण तिकडच्या क्लबांत सभासदाला सहीच्या चिठ्ठ्या अशाच परत मिळत. आपलेच वळण, आपलीच सही, त्या दुकानाच्या पट्टीचा ठसा. 'हे माझे नव्हे' असे म्हणायला फारशी जागाच नव्हती. अमेरिकन एक्सप्रेसने तर ही चाल इतर मोडून गेले तरी बरीच वर्षे चालू ठेवली होती.

मोडली ती कागदाच्या ओझ्याने. १९६६ पासून बँक ऑफ अमेरिका आपले कार्ड इतर राज्यांतल्या बँकांना चालवायला देऊ लागली. मग एका बँकेचे कार्ड, दुसऱ्या बँकेचे दुकान आणि मध्ये पावत्यांची पोती, असा प्रकार सुरू झाला. पावत्या टपालात अडकत, हरवत, बँकांच्या मागच्या खोल्यांत साठत. सिअ‍ॅटलच्या एका बँकेतले अधिकारी डी हॉक यांनी पुढाकार घेऊन १९७० साली सगळ्या बँकांची मिळून एक संस्था उभी केली. तिलाच १९७६ साली 'व्हिसा' हे नाव मिळाले. या संस्थेने १९७३ मध्ये परवानगी विचारण्याचे काम संगणकावर आणले आणि १९७४ मध्ये हिशेब पोचवण्याचेही. आता पावती दुकानाच्या बाजूलाच राहायची आणि पुढे फक्त तिचे वर्णन जायचे: तारीख, रक्कम, दुकान, गाव. वर्णनाचे बिल म्हणतात ते हेच. माझ्या बिलावरच्या ओळीचा जन्म इथला.

त्याच वर्षी, १९७४ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने बिलांतल्या चुकांबाबत कायदा केला. बिल पाठवल्यापासून साठ दिवसांत ग्राहकाने लेखी कळवले, तर बँकेला चौकशी करावी लागेल आणि तोवर ती रक्कम वसूल करता येणार नाही. चांगला कायदा होता. कार्ड हातात असलेला माणूस एकटा आणि समोर बँक, अशा झगड्यात त्याने माणसाची बाजू घेतली. तो आपल्याकडे लागू नाही, पण तक्रारीची तशीच वाट कार्ड-जाळ्यांच्या नियमांतून सगळीकडे गेली. २००९ मध्ये त्याच वाटेने मी चालत गेलो. फरक एवढाच की कागद जाऊन ओळ आली होती आणि ती ओळ खोटी होती.

आता ही ओळ खोटी असू शकते, मग कार्डाचा नंबर का चुकत नाही? कारण नंबराला पहारेकरी आहे. आयबीएम कंपनीतले हान्स पीटर लून यांनी १९५४ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६० मध्ये मिळाले. युक्ती शाळकरी पोराला जमेल इतकी सोपी आहे. उजवीकडून मोजत एकाआड एक अंक दुप्पट करायचा. दुप्पट दोन अंकी झाली तर ते दोन अंक मिळवायचे. मग सगळ्यांची बेरीज. शेवटी शून्य आले तर नंबर बरोबर. १२३० घ्या. शून्य तसेच, तीनचे सहा, दोन तसेच, एकचे दोन. बेरीज दहा. आता घाईत कुणी १३२० लिहिले तर बेरीज नऊ येते आणि चूक तिथेच पकडली जाते. एक फट मात्र राहिली आहे. ०९ च्या जागी ९० पडले, तर पहारेकऱ्याला कळत नाही. खिशातल्या कार्डाचा शेवटचा अंक हा असा नुसता राखणीला बसवलेला असतो.

आपल्या हुंडीवाल्यांनी हेच काम वेगळ्या रीतीने केले होते. शंभराच्या हुंडीत शंभर आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत आणि वर 'पन्नासाची दुप्पट' असेही लिहीत. एक शून्य वाढवणाऱ्याला तीन ठिकाणी हात घालावा लागे. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत 'पेठ', तीही गेली तर 'परपेठ'. पण त्या साऱ्या व्यवहारात लिहिणारा कोण आणि देणारा कोण हे दोघे एकमेकांना ओळखत. नंबराला राखण बसवली आणि नावाला नाही, हे कार्डाच्या काळातले.

नावाची आबाळ आणखी आधीपासून दिसते. कार्डामागच्या काळ्या चुंबकी पट्टीवर ओळी आहेत, म्हणजे माहिती साठवण्याचे पट्टे. पहिला पट्टा विमान कंपन्यांच्या संघटनेने आखला. त्यात माणसाचे नाव असते, जास्तीत जास्त २६ अक्षरांचे, तेही रोमन. दुसरा बँकांनी आखला. त्यात नुसते आकडे. विमानवाल्यांना प्रवाशाचे नाव हवे होते, बँकांना खाते. दुकानातल्या रोजच्या परवानगीत मुख्यतः हा दुसराच पट्टा वाचला जाई. म्हणजे बँक हो म्हणत होती ती आकड्याला. खरे सांगायचे तर मला हे आधी आवडले होते. माझे नाव ऐकून एकदा भाड्याच्या घराचा सौदा जिन्यावरच मोडला होता. या यंत्राला माझ्या नावाशी देणेघेणे नाही, याचे मला बरेच वाटले. त्याला दुकानाच्या नावाशीही देणेघेणे नाही, हे कळायला ती दिवाळी यावी लागली.

दुकानातून बँकेकडे काय जाते, याची सगळ्यांनी मिळून ठरवलेली एक बाराखडी आहे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ती १९८७ साली प्रसिद्ध केली, तिचे नाव आयएसओ ८५८३. नाव रुक्ष आहे, पण आतली रचना एखाद्या जुन्या सरकारी फॉर्मसारखी आहे, सगळ्या चौकटींना क्रमांक दिलेला. पहिल्यांदा चार अंकांत निरोपाचा प्रकार: ०१०० म्हणजे 'परवानगी द्या', ०११० म्हणजे तिचे उत्तर. दुसऱ्या चौकटीत कार्डाचा नंबर. चौथीत रक्कम, बारा अंकांत आणि दशांश चिन्हाशिवाय. माझे १,८४० रुपये तिथे ००००००१८४००० असे गेले असणार, शेवटचे दोन अंक पैशांचे. एकोणचाळिसाव्या चौकटीत बँकेचा जबाब: ०० म्हणजे मंजूर, ५१ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ०५ म्हणजे नुसतेच 'नाही', कारण सांगणार नाही. सासरच्या माणसांच्या जबाबासारखा.

आणि त्रेचाळिसावी चौकट. दुकानाचे नाव आणि ठिकाण, मिळून चाळीस अक्षरे. व्हिसाच्या वहिवाटीप्रमाणे त्यातली पंचवीस नावाला, तेरा गावाला, दोन देशाला. दुकान कितीही जुने असो, त्याच्या पाटीवर चित्रकाराने कितीही नक्षी काढलेली असो, बिलावर ते या चाळीस अक्षरांत यावे लागते. पंचवीस अक्षरांत 'श्री' आले, 'अँड सन्स' आले, की मूळ नावाला किती जागा उरते, ते मोजून पाहा.

शेजारी अठराव्या चौकटीत धंद्याचा चार अंकी क्रमांक असतो. किराणा ५४११, खानावळ ५८१२, पुस्तकांचे दुकान ५९४२, वह्या-पेन्सिलींचे ५९४३. या क्रमांकांवरून बँका दुकानदाराचा दर ठरवतात, जोखीम ठरवतात, गिऱ्हाइकाला कशावर सूट द्यायची तेही ठरवतात. चार अंक किरकोळ समजू नयेत. २०२२ मध्ये बंदुकीच्या दुकानांसाठी ५७२३ हा वेगळा क्रमांक मंजूर झाला, तेव्हा अमेरिकेत वादळ उठले. काही राज्यांनी तो वापरण्याची सक्ती करणारे कायदे केले, काहींनी बंदी घालणारे. आमच्या पुस्तकवाल्यांच्या यंत्रात ५२५१ होता, म्हणजे लोखंडी सामान. माझे दोन कवितासंग्रह त्या दुकानातून खिळ्या-कब्जांच्या खात्यावर विकले गेले आहेत. टीकाकारांनी याहून वाईट जागा दिल्या आहेत.

या चौकटी भरतो कोण? दुकानदार रोज भरत नाही. यंत्र घेताना एकदा अर्ज भरला जातो, बँकेकडून आलेला माणूस नाव, गाव, धंदा लिहून नेतो आणि तेच यंत्रामागे कायमचे बसते. दुकानदाराला आपले नाव बिलावर कसे दिसते हे कधी दिसत नाही, कारण बिल जाते गिऱ्हाइकाच्या घरी. गिऱ्हाईक पाहते ते महिन्याने. दोघांच्या मध्ये नंबर तपासणारी यंत्रे पुष्कळ, नाव वाचणारे कुणी नाही. अब्बांची वही एका माणसाने लिहिली होती आणि तोच ती वाचत होता. इथे लिहिणारा एक आणि वाचणारा दुसराच.

मग तक्रार आली की चक्र उलटे फिरते. त्याला चार्जबॅक म्हणतात. गिऱ्हाइकाची बँक पैसे मागते, दुकानाची बँक ते दुकानदाराच्या खात्यातून आधी काढते आणि मग त्याला विचारते: पुरावा आहे? तक्रारींच्या कारणांनाही क्रमांक होते. व्हिसाच्या जुन्या यादीत ७५ क्रमांकाचे कारण होते, ग्राहकाला हा व्यवहार ओळखता येत नाही. चोरी नाही, फसवणूक नाही, नुसती ओळख पटत नाही. या कारणाला वेगळा आकडा द्यावा लागला, यावरून अशा ओळी किती जणांना कोड्यात टाकत असतील, ते समजावे. २०१८ मध्ये ती यादी नव्याने बांधली गेली. आमच्या पुस्तकवाल्यांकडे पुरावा होता. माझ्या सहीची पावती त्यांनी बुटाच्या खोक्यात जपून ठेवली होती. पण ती उष्णतेने छापणाऱ्या कागदाची, पत्र्याच्या छपराखाली एक पावसाळा काढलेली. बँकेने मागितली तेव्हा तिच्यावर करड्या ढगाशिवाय काही उरले नव्हते. कार्बनची पावती पन्नास वर्षे टिकते, असे मला वडिलांच्या वेळची कागदपत्रे पाहून ठाऊक आहे.

त्यानंतर आपल्याकडे पुष्कळ सुधारणा झाल्या आणि त्या चांगल्याच झाल्या. ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवर कार्ड वापरताना नंबराखेरीज आणखी एक खूण देणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले. पुढे चुंबकी पट्टीच्या जागी चिप आणि सहीच्या जागी पिन आला. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर आपल्याकडे साठवायचा नाही, त्याऐवजी एक बदली आकडा ठेवायचा, असे झाले. पिन दिलेला असला की आज माझ्यासारख्याची तक्रार पहिल्याच पायरीवर अडेल. या सगळ्या सुधारणांनी राखण केली ती नंबराची. त्रेचाळिसाव्या चौकटीतली चाळीस अक्षरे जिथल्या तिथे आहेत.

नाही म्हणायला एक फरक पडला. चौकोनी ठिपक्यांचे क्यूआर चित्र आले आणि २०१६ पासून यूपीआय. त्यात पैसे पाठवण्याआधी समोर नाव येते. चूक असेल तर तिथल्या तिथे विचारता येते, "हे तुमचंच ना?" भाजीवाल्या बाई फोनच्या पडद्याकडे न बघताच "हो, माझ्या मालकाचं नाव येतं" म्हणतात आणि व्यवहार होतो. कार्डवाल्या कंपन्यांनी मिळून २०१७ मध्ये अशा चित्रांचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यातही नावाला पंचवीसच अक्षरे आहेत. पण त्यात चौसष्टावी एक जागा ठेवली आहे, दुकानाचे नाव दुसऱ्या भाषेत लिहिण्यासाठी. म्हणजे देवनागरीत पाटी लावायला जागा आहे. ती भरलेली मी अजून पाहिलेली नाही.

त्या दिवाळीचे राहिले. मी गठ्ठा फळीवर ठेवला आणि म्हणालो, "तो कुणीतरी मीच होतो." मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. दोऱ्याचे रीळ हातात होते, ते त्यांनी खाली ठेवले. मग म्हणाले, "पण पुस्तकं वाचली ना?" मी अठराशे चाळीस रोख मोजून दिले. दंडाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हात मागेच घेतला. खालच्या खणातून वही काढून लिहिले: 'कविराज, जुनी बाकी, जमा.' बँकेने मात्र यंत्र परत दिले नाही. पुढची काही वर्षे शाळा-कॉलेजांची मोठी खरेदी त्यांच्या हातून गेली, कारण त्या लोकांना कार्डानेच पैसे द्यायचे असत.

आता त्यांच्या गल्ल्यावर क्यूआरचे चित्र चिकटवले आहे, शेजारी पैसे जमा झाल्याचे मराठीत ओरडणारी डबी आहे. मागच्या महिन्यात दोन पुस्तके घेतली, फोन धरला, पडद्यावर नाव आले. मी फोन तसाच त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचले. वडिलांचे नाव, पुढे ट्रेडिंग कंपनी.

"अरेच्चा," ते म्हणाले, "हे बदलायचं राहिलंच की."